खूणगाठींचा गुंडा

पदराला गाठ मारून कामं लक्षात ठेवणाऱ्या आईची मी मुलगी. त्यामुळे याकामा बायकांच्या ‘इतितामात’बद्दल, म्हणजे दिवस मोजायच्या गाठींच्या गुंड्याबद्दल वाचलं आणि लगेच दोरा शोधायला उठले. याकामा हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातले मूळनिवासी. लग्नाचं जुळायला लागलं की मुलगी दोरी हातात घ्यायची. रोज एक गाठ, मोठ्या प्रसंगाला मणी किंवा शिंपला. म्हातारपणी गुंडा उलगडून बोटांनी दिवस चाचपायचे. ती गेली की गुंडा तिच्यासोबतच पुरायचा.

याकामा बायका रानटी तागासारख्या झाडाची साल वळून दोरी करत. मी हौसेने सुतळी घेतली, तर जुलैत दादरच्या घरात तिला बुरशी आली. महिनाभराच्या गाठी कचऱ्यात! आता भुलेश्वरहून जाड सुती दोरा आणते आणि मेणबत्तीच्या मेणावरून दोनदा ओढून घेते.

अख्खी लड घेऊन बसू नका. प्रत्येक गाठीतून दहा मीटर शेपूट ओढावं लागतं. महिन्यापुरता सव्वा मीटर तुकडा कापा, बोटाच्या जाडीएवढ्या अंतरावर साधी गाठ मारत जा, महिना संपला की पुढचा तुकडा जोडा. मी रात्री ओटा पुसून झाला की बांधते. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दोन बांधा. आठवड्याच्या सात एकदम बांधल्यात तर त्यांतली कुठली कशाची, हे तुम्हालाच कळणार नाही.

मण्यांत कंजुषी करा. पहिल्या महिन्यात मी अकरा ओवले. आज त्यातले नऊ कशाचे, आठवत नाही. बहीण गेली तेव्हा तिच्या तुटलेल्या मंगळसूत्राचा एक काळा मणी घातला. तो अंधारातही बोटाला सापडतो.

अमेरिकी सरकारशी झालेल्या 1855 च्या करारात 14 जमाती-टोळ्या ‘याकामा’ या एका नावाखाली आणल्या आणि कामियाकिन यांना प्रमुख म्हणून लिहिलं. ते कागदावर टिकलं. त्या उन्हाळ्यात कुणाचं बाळ जन्मलं, हे एखादीच्या दोरीत असणार, आणि ती दोरी मातीत.

साठीनंतर कशाला, असं वाटत असेल तर याकामांच्या व्हर्जिनिया बीव्हर्ट बघा. 2009 मध्ये त्यांच्या इचिश्कीन भाषेचा शब्दकोश आला आणि 2012 मध्ये नव्वदाव्या वर्षी बाईंनी डॉक्टरेट मिळवली.

नातू विचारतो, “आजी, यात माझी गाठ कुठली?” त्याचं बोट निळ्या मण्यावर ठेवते, बाकीचं सांगत नाही. गुंडा स्टीलच्या डब्यात ठेवा, सोबत वेखंडाचा तुकडा.