ईएल३४ व्हॉल्व्हची जोडी घरी कशी जुळवावी

ईएल३४ हा अ‍ॅम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यातला व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची निर्वात नळी. पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह विरुद्ध दिशेने आळीपाळीने काम करतात अशा) अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही व्हॉल्व्हचा स्थिर प्रवाह (सिग्नल नसतानाचा) सारखा असेल, तर गाभ्यातले चुंबकत्व एकमेकांना खोडून काढते. फरक राहिला की गुणगुण वाढते, खर्ज बिघडतो. गोव्याकडच्या घुमट आरतीचे (घुमट म्हणजे मातीचे चर्मवाद्य) रेकॉर्डिंग लावा, घुमटाचा खालचा नाद पसरट येतो.

खोक्यावर ‘मॅच्ड पेअर’ लिहिलेले पुरेसे नाही. २५० व्होल्टला जुळलेली जोडी ४३० व्होल्टला जुळेलच असे नाही. म्हणून मोजणी आपल्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये करावी. बायस (व्हॉल्व्हच्या ग्रिड या नियंत्रक जाळीला दिलेला, प्रवाह ठरवणारा ऋण दाब) फिरवता येणारे फिक्स्ड-बायस (बायस वेगळ्या पुरवठ्यातून येणारे) सर्किट मात्र हवे.

आत जीवघेणा विद्युत दाब असतो. प्लग काढून फिल्टर कपॅसिटर १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करा आणि शून्य व्होल्ट दिसल्याशिवाय हात घालू नका. मग प्रत्येक सॉकेटच्या ८ नंबरच्या पिनपासून (कॅथोड, म्हणजे व्हॉल्व्हचे ऋण टोक) अर्थपर्यंत १ ओहम, १ टक्क्याचा रेझिस्टर जोडा (पिन १ सहसा ८ ला जोडलेली असते). आता त्या रेझिस्टरवरचा १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअ‍ॅम्पिअर.

स्पीकर किंवा ८ ओहमचा लोड लावा. बायस सर्वांत ऋण बाजूला नेऊन अ‍ॅम्प्लिफायर चालू करा. एका सॉकेटमध्ये एकच संदर्भ व्हॉल्व्ह कायम ठेवा, दुसऱ्यात बाकीचे पाळीपाळीने तपासा. तपासायचा पहिला व्हॉल्व्ह ३५ मिलिअ‍ॅम्पिअरवर आणा. त्यानंतर, खाली सांगितलेली १ व्होल्टची चाचणी सोडून, बायस हलवायचा नाही. ४३० व्होल्टला हे सुमारे १५ वॅट होतात, ईएल३४ ची मर्यादा २५ वॅट आहे.

प्रत्येकाला २० मिनिटे तापू द्या, मगच आकडा लिहा. शेजारी वीजपुरवठ्याचे व्होल्टही लिहा. ते वरखाली झाले तर तुलना फुकट. सर्व्हो स्टॅबिलायझर असेल तर उत्तम. नंतर बायस १ व्होल्टने कमी ऋण करून प्रवाह किती वाढला ते नोंदवा आणि बायस पुन्हा मूळ आकड्यावर आणा. दोन्ही आकडे ५ टक्क्यांच्या आत असतील ती खरी जोडी. नुसता स्थिर प्रवाह जुळलेली जोडी मोठ्या आवाजात वेगळी वागू शकते.

प्रवाह थांबायचे नाव न घेता चढतच राहिला, तर तो व्हॉल्व्ह बाजूला काढा. आकडा उड्या मारत असेल तर आधी सॉकेट पाहा. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत पिना काळवंडतात. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पावसाळ्यात याहून वाईट घडते: ४ नंबरच्या स्क्रीन (दुसरी, धन दाबाची जाळी) पिनवरचा दाब ओल्या, मळलेल्या सॉकेटमधून शेजारच्या ५ नंबरच्या ग्रिडकडे झिरपतो आणि चांगला व्हॉल्व्हही जास्त प्रवाह दाखवतो. व्हॉल्व्ह काढून पिन ५ वरचा बायस मोजा. बायसच्या पॉटवर (बायस फिरवायच्या बदलत्या रेझिस्टरवर) मोजलेल्या आकड्यापेक्षा तो बराच कमी ऋण आला, तर दोष सॉकेटचा किंवा गळक्या कपलिंग कपॅसिटरचा (मागच्या टप्प्यातून ग्रिडकडे सिग्नल आणणाऱ्या कपॅसिटरचा) आहे. तो आधी दुरुस्त करा, मगच नवे व्हॉल्व्ह मागवा.