माजी सैनिकांनो, कागदपत्रांतल्या या चुका टाळा

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात माजी सैनिकांची पेन्शन, घरपट्टी माफी किंवा विधवेचं कुटुंब निवृत्तिवेतन अडतं, तेव्हा बहुतेक वेळा हक्कच नाही असं नसतं. नावात एका अक्षराचा फरक असतो, घर अजून आजोबांच्या नावावर असतं, नाहीतर मुदत टळून गेलेली असते. यातल्या बऱ्याच गोष्टी सैनिक हयात असताना सहज दुरुस्त होतात. तो गेल्यावर त्याच कामासाठी त्याच्या पत्नीला खेटे घालावे लागतात.

पत्नीचं नाव: सर्वांत महागात पडणारी चूक

लग्नात सुनेचं नाव बदलायची चाल कोकणात घरोघर होती. त्यामुळे डिस्चार्ज बुकात (सेवेतून सुटताना मिळणाऱ्या नोंदवहीत) सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आणि रेशनकार्डावर हाक मारायचं नाव, असे तीन प्रकार सापडतात. जन्मतारीख माहीत नसली की आधारवर 1 जानेवारी पडते, आणि सैन्याच्या रेकॉर्डला मात्र वेगळीच तारीख असते. सैनिक जिवंत आहे तोवर हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज गेला की तो तिथेच थांबतो.

एका दुपारी डिस्चार्ज बुकातलं कुटुंबाचं पान, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर न अक्षर ताडून बघा. मराठीत सगळं सारखं दिसतं, पण रेकॉर्ड इंग्रजीत असतं. ‘लक्ष्मी’ एका कागदावर एक्स घालून आणि दुसऱ्यावर केएसएच घालून लिहिलेलं असेल, तर संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका आहेत.

मग कोणता कागद बदलायचा ते ठरवा. घाईने आधी आधार बदलू नका. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, आणि ती संधी चुकीच्या बाजूला खर्च झाली की पुढे अडचण होते. रेकॉर्डमधली नोंद बरोबर असेल आणि जन्माचा पुरावा तिच्याशी जुळत असेल, तर आधार दुरुस्त करा. रेकॉर्ड चुकलेलं असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आपल्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तर नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पात. अर्जासोबत विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचा एकत्र फोटो, आधारची प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडा. लग्नाची नोंद झालेलीच नसेल, तर ती आता ग्रामपंचायतीत करून घ्या. जुन्या लग्नाचीही नोंद होते.

‘दोन्ही नावांची बाई एकच’ असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र केलं की भागलं, हा समज घातक आहे. स्पेलिंगच्या फरकाला ते कधी चालतं. नावच वेगळं असेल, तर राज्याच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या आणि तो अंक जपून ठेवा.

मूल कायमचं अपंग असेल आणि कमावण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याला आई-वडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि नोंद तुम्ही असतानाच करून ठेवा. तुमच्यामागे हे काम त्या मुलाला झेपणार नाही.

हयातीचा दाखला

पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर गेल्यानंतरही बरेच जण नोव्हेंबरात पूर्वीसारखा बँकेत कागद देऊन येतात आणि काम झालं असं समजतात. स्पर्शवर असाल, तर दाखला स्पर्शपर्यंत पोहोचायला हवा. वयाची 80 वर्षं पूर्ण झालेल्यांना तो 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो.

जीवन प्रमाण ॲपवर दाखला भरताना चूक नेमकी दोन रकान्यांत होते. पेन्शन मंजूर करणारा अधिकारी निवडताना लष्करवाल्यांनी ‘डिफेन्स – पीसीडीए (पी)’ आणि नौदलवाल्यांनी ‘डिफेन्स – पीसीडीए (नेव्ही) मुंबई’ निवडायचं असतं. पीसीडीए म्हणजे संरक्षण खात्याचं लेखा कार्यालय. पेन्शन देणारी संस्था मात्र दोघांचीही ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स)’ असते. इथे सवयीने बँकेचं नाव निवडलं, तर दाखला तयार होतो, नंबरही मिळतो, पण तो पोहोचतो भलतीकडे. पीपीओ नंबरही जुना घालू नका. स्पर्शने दिलेला नवा नंबर घाला.

भातशेती, जाळी किंवा चिऱ्याच्या कामात झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. अशा वेळी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय वापरा. त्यासाठी फोनमध्ये जीवन प्रमाण आणि आधार फेसआरडी ही दोन्ही ॲप लागतात. चेहरा उजेडात ठेवा आणि पाठीमागे खिडकी येऊ देऊ नका. वाडीत रेंज नसेल, तर पोस्टमन घरी येऊन 70 रुपयांत डिजिटल दाखला करून देतो. दाखला राहून पेन्शन थांबली, तरी घाबरू नका. दाखला पोहोचला की थकबाकीसह ती पुन्हा सुरू होते.

मुलाचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा मोबाईल नंबर स्पर्शला जोडून ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक. ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो मुंबईला गेला की तुमचा अर्ज अडतो. नंबर आपला किंवा पत्नीचाच ठेवा.

मृत्यूनंतरचे पहिले दिवस

दिवसकार्याच्या खर्चासाठी एटीएममधून पेन्शनचे पैसे काढले जातात. मृत्यूच्या तारखेनंतरच्या काळाची जमा झालेली पेन्शन सरकारची असते आणि ती वसूल होते. त्यामुळे आधी मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत करा, दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्या आणि स्पर्शच्या संकेतस्थळावर पेन्शनरच्या मृत्यूची माहिती भरा. त्यासाठी त्यांच्या पासवर्डची गरज नसते.

निवृत्तीनंतर सैनिकाचा मृत्यू झाला, तर वाढीव कुटुंब निवृत्तिवेतन सात वर्षं किंवा तो 67 वर्षांचा झाला असता तोवर, यांपैकी जे आधी संपेल तितका काळ मिळतं. त्यापुढे शेवटच्या पगाराच्या 30 टक्क्यांचा साधा दर लागतो. विधवेचं वय 80 झालं की त्यात 20 टक्के आणि 85 झालं की 30 टक्के वाढ मिळते. ही वाढ मिळते आहे ना, हे स्लिपवर तपासा. आधारवर वय कमी लागलं असेल, तर ती वाढ नुसती उशिरा येते आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही.

घरपट्टी माफी आणि असेसमेंट

महाराष्ट्रात माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना 2020 पासून एका राहत्या घराची घरपट्टी माफ आहे. तरीही कोकणात अर्ज परत येतात, कारण घर सैनिकाच्या किंवा त्याच्या पत्नीच्या नावावर नसतं. असेसमेंटला (घरपट्टीच्या नोंदवहीत) अजून वडिलांचं, कधी आजोबांचं नाव असतं, आणि एका घर नंबरात तीन भावांच्या चुली असतात.

ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढा. मयताचं नाव असेल, तर मृत्यूदाखला आणि सर्व वारसांची माहिती देऊन वारस नोंद करा. भावांची संमती असेल, तर आपल्या भागाला वेगळा घर नंबर मागा. मुंबईच्या भावांची सही गणपतीत किंवा शिमग्याला सगळे गावी असताना घ्या, नाहीतर अर्ज वर्षभर पडून राहतो. नोंद झाली की सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला, ओळखपत्र आणि रहिवासाचा पुरावा जोडून अर्ज द्या, आणि पोच घ्या. पोच न घेता दिलेल्या अर्जाचा पुढे काही पुरावा राहत नाही.

माजी सैनिक म्हणून तुमची सैनिक कल्याण कार्यालयातली नोंदणी अजून ठाणे किंवा मुंबई उपनगरात असेल आणि तुम्ही गावी परतला असाल, तर ती आपल्या जिल्ह्यात बदलून घ्या. दाखले इथूनच लागणार आहेत.

सरकारकडून मिळालेली जमीन बहुधा भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी असते. ती परवानगीशिवाय साध्या स्टॅम्पपेपरवर विकली, तर शर्तभंग होऊन जमीन सरकारजमा होऊ शकते.

आजारपणात आधी कळवा

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असताना महामार्गावर अपघात झाला किंवा रात्री छातीत दुखलं, तर जवळच्या कोणत्याही रुग्णालयात जा. मात्र 48 तासांच्या आत आपल्या पॉलिक्लिनिकला (या योजनेच्या दवाखान्याला) कळवा. अनेक दावे इथेच पडतात, कारण घरचे गोव्याला, कोल्हापूरला किंवा मुंबईला पळापळ करत असतात आणि कळवायचं राहून जातं. कार्डाच्या मागे पॉलिक्लिनिकचा नंबर चिकटवा आणि हे काम कुणी करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. रुग्णालयाकडून तातडीचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज समरी आणि बाबवार मूळ बिलं घ्या. एका ओळीत ‘एकूण खर्च’ लिहिलेलं बिल चालत नाही. पैसे ठरलेल्या सरकारी दरानेच मिळतात, वरचा खर्च स्वतःचा असतो, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

अनुदान आणि नोकरी

केंद्रीय सैनिक बोर्डाचं मुलीच्या लग्नाचं अनुदान हवालदार पदापर्यंतच्यांसाठी आहे. 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना ते 1 लाख रुपये झालं. अर्ज लग्नानंतर 180 दिवसांत करायचा असतो. पेन्शन नसलेल्या, 65 वर्षांवरच्या माजी सैनिकांचं आणि विधवांचं निर्वाह अनुदान त्याच तारखेपासून महिना 8,000 रुपये आहे. ‘मला पेन्शन नाही, मग बोर्डाकडे माझं काय काम’ असं म्हणून घरी बसलेल्यांनी हे जरूर विचारावं.

केंद्राच्या नोकरीत पहिल्या पदावर रुजू झाल्यावर पुढचं माजी सैनिक आरक्षण जातं. आधीच केलेल्या इतर अर्जांची तारखेसह यादी रुजू होताच नव्या कार्यालयाला दिलीत, तर त्या अर्जांपुरतं ते टिकतं. ही यादी नंतर दिली, तर उपयोग होत नाही.

अपंगत्व पेन्शन नाकारली तर

‘सेवेमुळे झालेलं नाही’ असं पत्र आलं की बहुतेक जण ते फाइलला लावतात आणि विषय संपवतात. त्या पत्रावर सहा महिन्यांत पहिलं अपील करता येतं, आणि ते फेटाळलं तर दुसरंही. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत झाला असं गृहीत धरायचं. राम अवतार प्रकरणात 2014 मध्ये मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही टक्के वर नेण्याचा लाभ मिळाला. त्यानुसार 20 टक्क्यांपासून 50 च्या खालचं अपंगत्व 50 टक्के धरलं जातं.

निवृत्तीच्या वेळचे मेडिकल बोर्डाचे कागद हातात नसतील, तर माहिती अधिकारात 10 रुपयांत रेकॉर्ड ऑफिसकडे मागा. अपिलाचा निर्णय विरुद्ध गेला किंवा सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जा. तिथे स्वतःही बाजू मांडता येते. पेन्शनचा हक्क उशिराने मरत नाही, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे पुढे गेलेल्या प्रत्येक वर्षाचे पैसे बुडतात.

थकबाकीतला वाटा मागणाऱ्या एजंटाच्या कोऱ्या कागदावर सही करू नका. विधवांना, आणि खरंतर कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अर्ज साध्या कागदावर चालतो. सोबत ओळखपत्र आणि नकाराच्या पत्राची प्रत न्या.