उंबरातल्या गांधीलमाश्या ओळखताना या चुका टाळा

पिकत आलेलं उंबर फोडलं की आतून जेमतेम दोन मिलिमीटरच्या गांधीलमाश्या निघतात. त्या सगळ्या परागण करणाऱ्या, असं धरून चालणं ही सर्रास होणारी चूक. आपल्या उंबराचं परागण सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स ही एकच जात करते. त्याच फळात सायकोफॅगा आणि अपोक्रिप्टा या परागण न करणाऱ्या गांधीलमाश्यांच्या जातीही वाढतात.

सेरॅटोसोलेनची मादी फळाच्या तोंडाच्या छिद्रातून आत घुसते. त्यासाठी तिच्या जबड्याला दातेरी पट्टी असते आणि छातीखाली पराग ठेवायचे कप्पे. भिंगाखाली आधी हे दोन अवयव शोधा. बाकीच्या माद्या बाहेरूनच फळाला टोचतात, म्हणून त्यांचा अंडनिक्षेपक, म्हणजे अंडी घालायची शेपटीसारखी नळी, लांब. पण लांब शेपटी दिसली की लगेच 'परजीवी' लिहू नका. सायकोफॅगाच्या बऱ्याच जाती फळाच्या आतल्या फुलाच्या बीजांडात स्वतः गाठ करून तिच्यावर वाढतात. दुसऱ्यांच्या गाठींवर डल्ला मारते ती अपोक्रिप्टा. आणि परागण करणारीची अळीसुद्धा एका होऊ घातलेल्या बीवरच पोसते, तेव्हा 'बी खाते म्हणजे शत्रू' हा हिशोब इथे लागू पडत नाही.

नरांचा घोळ याहून मोठा. सेरॅटोसोलेनचा नर बिनपंखी, पिवळसर, मादीशी काडीचंही साम्य नसलेला. असे नर वेगळ्या जातीचे किडे म्हणून नोंदले जातात. खात्री हवी असेल तर डीएनए तपासा.

काहीच निघत नसेल, तर फळ बहुधा लवकर तोडलं गेलंय. एका झाडाचा बहर साधारण एकदमच तयार होतो, म्हणून आधी एक फळ कापा. आत नर फिरताना दिसले की बाकीची तोडा. फळाला भोक पडलेलं असेल तर माश्या उडाल्या आणि मुंग्या आत शिरल्या असं समजा. एका बाटलीत एकच फळ, खाली टिश्यू पेपर, तोंडावर मलमल. मच्छरदाणीच्या जाळीतून या माश्या सहज निसटतात.

नमुने फॉर्मालिनमध्ये टाकू नका, डीएनए खराब होतो. 95 टक्के अल्कोहोल वापरा. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहा आणि कुपीच्या आतच टाका, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. झाड, ठिकाण, तारीख आणि फळाचा क्रमांक नसेल तर कितीही सुंदर नमुना असो, वर्गीकरणात त्याला फारशी किंमत नाही.

नावं जुळत नसतील तर जुने शोधनिबंध पाहा. तिथे सायकोफॅगाच्या काही जाती ॲपोक्रिप्टोफॅगस या नावाने सापडतील.

आणि दिसायला सारख्या म्हणून एकच जात, असंही ठरवू नका. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पनामात तपासलेल्या उंबर-वडाच्या भाऊबंद जातींपैकी किमान निम्म्या जातींच्या झाडांवर, एकच समजल्या गेलेल्या परागण करणाऱ्या माशीत डीएनएने दोन जाती दाखवल्या. म्हणून प्रत्येक झाडाचे नमुने वेगळे ठेवा, दोन झाडांची फळं एका डब्यात घालू नका.