व्होल्टेज आणि प्रवाहावरून रोध व विद्युत शक्ती कशी काढावी

उपकरण चालू असताना त्याच्या दोन टोकांमधले व्होल्टेज आणि त्यातून वाहणारा प्रवाह मोजावा. मीटरने मिलिअँपिअर दाखवले असतील, तर आकड्याला आधी १००० ने भागून घ्यावे, कारण बहुतेक चुका इथेच होतात. व्होल्टेजला प्रवाहाने भागले की रोध ओहममध्ये मिळतो आणि दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती वॅटमध्ये मिळते. उदाहरणार्थ, १२ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे ०.५ अँपिअर, घेणाऱ्या फिलामेंटच्या दिव्याचा रोध २४ ओहम आणि शक्ती ६ वॅट भरते. मात्र हा रोध तापलेल्या तारेचा असतो. तोच दिवा थंड असताना मोजला, तर आकडा बराच कमी येतो, आणि त्यात मीटरचा दोष नसतो. एसीवर, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहावर, चालणाऱ्या मोटरची खरी शक्ती काढताना गुणाकाराला पॉवर फॅक्टरनेही, म्हणजे त्या गुणाकारातला किती भाग खरी शक्ती असतो हे सांगणाऱ्या आकड्यानेही, गुणावे लागते.