जर्मनीत नोकरी गेली तर: आधी नोंद, मग गुटशाइन, मग कोर्स

यंदा आखाजीला अमळनेरला घरी आलो, तेव्हा ओट्यावर चौघं भेटायला आली होती. दोघांच्या पासपोर्टवर जर्मनीचा व्हिसा लागलेला, एकाची मुलाखत व्हायची होती आणि चौथी आमच्याच गल्लीतली, नर्सिंग झालेली मुलगी. आईने खापरावरची पुरणपोळी आणि आमरस वाढला. घरभाडं, थंडी, सिमकार्ड असं बोलणं चाललेलं असताना एकाने हळूच विचारलं, "भाऊ, तठे नोकरी गई ते काय करानं?"

कर्ज काढून निघालेल्या पोराच्या मनात हाच प्रश्न सगळ्यात आधी असतो, आणि विचारला जातो सगळ्यात शेवटी. त्या दिवशी जे सांगितलं ते नीट लिहून काढतो आहे, कारण मला हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

स्टुटगार्टजवळ राहून मला अकरा वर्षं झाली. सहाव्या वर्षी आमचा विभाग बंद झाला आणि हातात नोटीस पडली. मी दहा दिवस घरी कळवलं नाही आणि कुठे नोंदही केली नाही. दुसरी नोकरी मिळाली की मगच सांगू, असं डोक्यात होतं. त्या दहा दिवसांपायी माझा एका आठवड्याचा बेरोजगार भत्ता गेला.

पीकविमा उतरवणाऱ्या आपल्या माणसाला 72 तास पाठ असतात. गारपीट झाली, की तेवढ्या वेळात कळवायचं. तिथेही तसंच आहे. करार कधी संपणार हे आधीपासून माहीत असेल, तर संपण्याच्या किमान 3 महिने आधी रोजगार कार्यालयात 'काम शोधतो आहे' अशी नोंद करायची. त्याहून कमी वेळ उरला असेल, तर कळल्यापासून 3 दिवसांच्या आत. या कार्यालयाचं नाव आगेंटुअर फ्युअर आर्बाइट, बोलताना सगळे आर्बाइट्सआम्टच म्हणतात. दुसरी नोंद 'बेरोजगार झालो' अशी, ती उशिरात उशिरा नोकरी नसलेल्या पहिल्या दिवशी. या दोन नोंदी वेगळ्या आहेत. पहिली केली म्हणून दुसरी आपोआप होत नाही.

आणि कंपनीने 'आपसात समजुतीने सोडू' म्हणून कागद पुढे केला, तर त्या दिवशी सही करू नका. घरी आणा, जाणकाराला दाखवा. स्वतःहून राजीनामा दिला किंवा असा कागद सही केला, तर साधारण 12 आठवडे भत्ता थांबू शकतो.

आपल्याकडे एक संकोच असतो, सरकारचे पैसे कसे घ्यायचे. पगाराची चिठ्ठी काढा आणि कपातीच्या रकान्यात बेरोजगारी विम्याची ओळ शोधा. ढोबळ पगाराच्या 2.6 टक्के जातात, त्यातले अर्धे तुमचे, अर्धे कंपनीचे. दर महिन्याला. शेवटच्या 30 महिन्यांत 12 महिने ही कपात झाली असेल, तर भत्त्यावर तुमचा हक्क आहे. हातात पडणाऱ्या पगाराच्या सुमारे 60 टक्के, मूल असेल तर 67 टक्के. हा तुम्ही भरलेला विमा आहे. जॉबसेंटर नावाच्या दुसऱ्या कार्यालयाकडून मिळणारी निर्वाह मदत ही वेगळी गोष्ट. ती घेतल्याने तात्पुरत्या परवान्यावर असलेल्यांची अडचण होऊ शकते, म्हणून अर्ज करण्याआधी सल्ला घ्या. नोकरी मुदतीआधी संपली, तर परदेशी नागरिक कार्यालयालाही 2 आठवड्यांत कळवावं लागतं. हे विसरलेली माणसं मी पाहिली आहेत. पुढे परवाना वाढवताना त्यांना घाम फुटला.

आता मुख्य गोष्ट, नवं शिकण्यासाठीचा पैसा. त्याचं नाव बिल्डुंग्सगुटशाइन, म्हणजे रोजगार कार्यालयाने दिलेलं शिक्षणाचं व्हाउचर. थोडक्यात गुटशाइन. कोर्सची फी, जाण्यायेण्याचा खर्च, लहान मूल असेल तर सांभाळण्यासाठी ठरावीक रक्कम, हे सगळं त्यात येतं, आणि शिकत असताना भत्ताही चालू राहतो. शिकण्याच्या 2 दिवसांमागे हक्काचा 1 दिवस कमी होतो, म्हणजे भत्ता जास्त दिवस पुरतो. दोन-अडीच वर्षं शिकून नवा धंदा पदरात घेणाऱ्याला, म्हणजे उमशुलुंग करणाऱ्याला, जुलै 2023 पासून महिन्याला 150 युरो वेगळे मिळतात. मधली परीक्षा पास झाली तर 1000 युरो आणि शेवटची झाली तर 1500.

पण हा गुटशाइन मागितला की मिळतो असं नाही. द्यायचा की नाही हे समोरचा अधिकारी ठरवतो. 'मला काहीतरी शिकायचं आहे' एवढं बोलून मी पहिल्या भेटीतून हात हलवत परत आलो. दुसऱ्या वेळी गेलो ते बारा नोकऱ्यांच्या जाहिराती छापून. सगळ्या माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या, उत्पादन नियोजनाच्या. प्रत्येकीत एसएपी (कंपन्यांचं कामकाज सांभाळणारं सॉफ्टवेअर) हा शब्द पिवळ्या मार्करने रंगवलेला. कागद टेबलावर पसरले आणि म्हणालो, या बारापैकी नऊ ठिकाणी मला फक्त एवढंच येत नाही. बाईंनी चष्मा वर सरकवला, एक एक कागद उलटून पाहिला आणि विचारलं, कोर्स कुठे आहे? तिथून पुढची बोलणी वीस मिनिटांत संपली.

कोर्स आणि संस्था दोन्हींकडे एझेडएव्ही, म्हणजे अशा कोर्ससाठी लागणारी अधिकृत मान्यता हवी, हे आधी विचारून घ्या. गुटशाइनवर कोर्सचं उद्दिष्ट, कालावधी, भाग आणि मुदत लिहिलेली असते. मुदत जास्तीत जास्त 3 महिन्यांची. एवढ्या वेळात संस्था शोधून, तिच्याकडून कागद भरून, कोर्स सुरू होण्याआधी कार्यालयात द्यायचा. गुटशाइन हातात येण्याआधी संस्थेच्या करारावर सही करू नका. 'आधी जागा पक्की करा, पैसे मागून येतील' असं गोड बोलणारी संस्था मलाही भेटली होती. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने तशी सही केली आणि सगळी फी खिशातून भरली.

जर्मन भाषा कच्ची असेल, तर बहुतेक कोर्सना दार बंद. बी2 या भाषेच्या पातळीपर्यंत जा. बेरोजगार भत्त्यावर असताना कामाच्या भाषेचा वर्ग, बेरुफ्सश्प्राखकुर्स, फुकट मिळू शकतो. तो मागून घ्या, त्यात महिने गेले तरी चालतील.

नर्सिंगवाल्या मुलीने विचारलं, इथून निघताना काय न्यायचं? आयटीआय, डिप्लोमा, डिग्री, जे असेल त्याची मूळ गुणपत्रकं आणि अभ्यासक्रमाची प्रत. आयटीआयसारख्या धंदेशिक्षणाची बरोबरी बहुतेक करून न्युर्नबर्गची आयएचके फोसा ही संस्था तपासते, तिचं प्रमाणपत्र मिळालं तर अधिकाऱ्यासमोर तुमचं वजन वाढतं. नर्सिंगसाठी त्या त्या राज्याचं कार्यालय वेगळं आहे. आणि जिथे जिथे काम केलं, तिथलं अनुभवाचं पत्र, लेटरहेडवर, काय काम केलं ते सविस्तर लिहिलेलं. जळगावच्या एमआयडीसीत मी तीन वर्षं काम केलं, पत्र नंतर घेऊ म्हणालो. तो कारखाना बंद पडला, मालक गाव सोडून गेले, आणि ती तीन वर्षं आजही माझ्या एकाही कागदावर नाहीत. गाडीत बसण्याआधी त्या पत्रासाठी दोन चकरा मारा.