पहिल्या पुल रिक्वेस्टवर चाळीस कॉमेंट्स पडल्या तर

सॉफ्टवेअरच्या नोकरीत थोडे दिवस गेले की पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल तपासून मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती, टाकली जाते आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर तीस-चाळीस कॉमेंट्स पडलेल्या असतात. गिटलॅब या कोड ठेवण्याच्या साइटवर तिला मर्ज रिक्वेस्ट म्हणतात, कॉमेंट्स तेवढ्याच. कॉलेजात जर्नलवर एक लाल सही व्हायची आणि विषय संपायचा. इथे ओळीओळीखाली कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असतं, तेही अख्ख्या टीमला दिसेल असं. नवख्याचं तोंड उतरतं ते इथे. पण यातल्या बऱ्याचशा कॉमेंट्स मुळात ओढवून घेतलेल्या असतात, आणि उरलेल्यांत खरोखर काम अडवणाऱ्या थोड्याच.

ओढवून घेण्याचं मुख्य कारण म्हणजे आकार. सिस्को कंपनीतल्या रिव्ह्यूंचा, म्हणजे सहकाऱ्यांनी केलेल्या कोड तपासणीचा, स्मार्टबेअर या सॉफ्टवेअर कंपनीने २००६ मध्ये अभ्यास केला होता, त्यातला आकडा आजही धरला जातो: एका वेळी २०० ते ४०० ओळी. त्यापुढे चुका सापडण्याचं प्रमाण घसरतं. बाराशे ओळींची रिक्वेस्ट समोर आली की वाचणाऱ्याला सगळं मिळून काय चाललंय हे उमगत नाही. मग तो डोळ्यांना दिसतं तेवढंच धरतो: व्हेरिएबलचं नाव, रिकामी ओळ, स्पेलिंग. तुम्हाला वाटतं माणूस किरकिरा आहे. प्रत्यक्षात तो दमलेला असतो, आणि खरा बग त्याच्या नजरेतून निसटून प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टिमवर जातो. म्हणून फाइल हलवणं, नावं बदलणं एका रिक्वेस्टमध्ये आणि वागणूक बदलणारा कोड दुसऱ्या रिक्वेस्टमध्ये टाका. एडिटरने आपणहून केलेलं फॉरमॅटिंग त्यात मिसळलं, तर तुमच्या वीस ओळी तीनशे ओळींत हरवतात.

रिव्ह्यूअर नेमण्याआधी ड्राफ्ट म्हणून रिक्वेस्ट उघडा आणि ब्राउझरमध्ये स्वतःचा डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक, वरपासून खालपर्यंत वाचा. एडिटरमध्ये न दिसलेल्या गोष्टी तिथे हमखास दिसतात: तपासणीसाठी टाकून विसरलेले कन्सोल लॉग, कॉमेंट करून ठेवलेला जुना कोड, आणि एखाद्या वेळी चक्क पासवर्ड. पासवर्ड पुढच्या कमिटमध्ये (बदलांच्या पुढच्या नोंदीत) पुसून भागत नाही, तो इतिहासात राहतो. लगेच लीडला सांगून बदलून घ्यायचा. वर्णनात चार गोष्टी पुरतात: काय बदललं, का बदललं, तपासायचं कसं, आणि स्क्रीन बदलली असेल तर आधीचं नि नंतरचं चित्र. ‘का’ लिहिलं नसेल, तर तो प्रश्न खाली कॉमेंट बनून येणारच.

आता आलेल्या कॉमेंट्स. पहिल्या वाचनात एकालाही उत्तर देऊ नका, फक्त जात ओळखा. बग, डेटा उडण्याची शक्यता, एसक्यूएल इंजेक्शनसारखं (बाहेरच्याला डेटाबेसमध्ये हुकूम घुसवू देणारं) भोक, गळालेली टेस्ट, या अडवणाऱ्या. काही निव्वळ सूचना असतात. काहींच्या सुरुवातीला ‘निट’ लिहिलेलं असतं, म्हणजे केलं तर बरं, नाहीतर राहू दे. इंग्रजीत निट म्हणजे लीख. रिव्ह्यूअर लिखा काढत बसलाय आणि हे त्यालाही ठाऊक आहे. मराठी कानाला ‘नीट कर’ ऐकू येतं, तेही चालेल.

सगळ्यात जास्त लागतात त्या प्रश्नाच्या कॉमेंट्स. ‘असं का केलंय?’ हे आपल्याकडे लहानपणापासून ओरडा म्हणूनच ऐकलेलं असतं, त्यामुळे ‘सॉरी, बदलतो’ असं लिहून नवखा चांगला कोड मोडून टाकतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा खरंच कारण हवं असतं. ते द्या, पण नुसतं थ्रेडमध्ये, म्हणजे कॉमेंटखालच्या उत्तरांत नको. त्याला विचारावं लागलं याचा अर्थ सहा महिन्यांनी तो कोड उघडणाऱ्यालाही कळणार नाही, आणि त्या माणसाला हा थ्रेड सापडणार नाही. फंक्शनचं नाव सुधारा, नाहीतर कोडमध्येच एक ओळ कारण लिहा.

प्रत्येक थ्रेडचा शेवट दिसला पाहिजे. बदल केला असेल तर ‘केलं’ आणि कमिटचा क्रमांक. पटलं नसेल तर कारण, शक्यतो आकड्यासकट: ही क्वेरी वीस हजार ओळींवर किती वेळ घेते, हे मोजून लिहिलं की वाद मताचा राहत नाही. नंतर करायचं असेल तर आधी कामाच्या यादीत तिकीट काढा आणि त्याचा नंबर तिथे टाका. नुसत्या ‘नंतर करतो’वर कुणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये. दोन फेऱ्यांत मिटलं नाही तर पंधरा मिनिटांचा कॉल लावा आणि ठरलेलं दोन ओळींत थ्रेडमध्ये परत लिहा. दोन सीनियर उलटसुलट सांगत असतील, तर एकाचं गुपचूप ऐकू नका. दोघांना एकाच थ्रेडमध्ये बोलवा, त्यांचं ते ठरवू द्या. आणि न पटलेली सूचना फक्त मान राखायचा म्हणून घेतलीत, तर रात्री सर्व्हर पडल्यावर कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेममध्ये नाव तुमचंच निघतं.

रिव्ह्यू चालू असताना कमिट्स रीबेस (नव्याने रचून) करून फोर्स पुश करणं, म्हणजे सर्व्हरवरचा जुना इतिहास पुसून नवा चढवणं, ही नेहमीची चूक. रिव्ह्यूअरने काय वाचलं होतं आणि नवीन काय आलं, हे त्याला मग सहज कळत नाही. तो पुन्हा पहिल्यापासून वाचतो आणि नव्या कॉमेंट्स टाकतो. दुरुस्त्या वेगळ्या कमिट्समध्ये ठेवा, मर्ज करताना बऱ्याच टीममध्ये त्या स्क्वॉश होऊन एकच कमिट बनते. थ्रेड ‘रिझॉल्व्ह’ कोणी करायचा, लिहिणाऱ्याने की तुम्ही, हे टीमगणिक बदलतं. आधी विचारून घ्या, नाहीतर उत्तर न देता कॉमेंट झाकल्याचा ठपका येतो.

पुण्यात बसून अमेरिकेतल्या टीमसोबत काम असेल तर घड्याळही मध्ये येतं. न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ किंवा साडेदहा तास, सॅन फ्रान्सिस्को साडेबारा किंवा साडेतेरा. मोघम प्रश्न विचारला की एक अख्खा दिवस गेला. ‘अ किंवा ब, मी अ धरून पुढे जातोय, ब हवं असेल तर सांगा’ असं लिहा. तिकडून आलेलं ‘फिक्स धिस’ हे दोन शब्द तुटक वाटतात, पण घाईत लिहिलेल्या मजकुरात आवाज नसतो. त्यावरून राग ठरवू नका.

कोडऐवजी माणसावर घसरलेली कॉमेंट मात्र वेगळी धरायची. ‘हे फंक्शन दोनदा चालतं’ हा रिव्ह्यू. ‘एवढंही येत नाही?’ हा नाही. तिथे उलट लिहू नका. त्या व्यक्तीशी एकट्यात बोला, पुन्हा झालं तर लिंकसह लीडकडे जा. यात रडकेपणा नाही. लिनक्स कर्नलच्या मेलिंग यादीवर वर्षानुवर्षं तिखट भाषा चालायची. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागून काही आठवड्यांची सुट्टी घेतली आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. त्याच्याही आधी, १९७६ मध्ये आयबीएमच्या मायकेल फेगनने कोड तपासणीची पद्धत मांडली तेव्हाच बजावलं होतं की तपासणीचे निकाल प्रोग्रॅमरची कामगिरी जोखायला वापरू नयेत. कॉमेंट्स मोजून अप्रेझल ठरवणारा मॅनेजर भेटलाच, तर हे माहीत असलेलं बरं.

आलेल्या कॉमेंट्सची एक वही ठेवा, तारीख आणि चार शब्द पुरे. तीच गोष्ट तिसऱ्यांदा आली तर ती लक्षात ठेवायची नाही, यंत्राच्या गळ्यात मारायची: लिंटरचा (कोडमधल्या चुका आपोआप दाखवणाऱ्या टूलचा) नियम किंवा प्री-कमिट हुक, म्हणजे कमिटआधी आपोआप चालणारी तपासणी. आणि दुरुस्त्या पुश केल्यावर ‘री-रिक्वेस्ट रिव्ह्यू’चं बटण दाबा. ते राहून गेल्यामुळे रिव्ह्यूअर तुमची वाट पाहतोय आणि तुम्ही त्याची, असे तीन-चार दिवस सहज जातात.