दुचाकी आणि चारचाकी: भांडणाला निमित्त देणाऱ्या या चुका टाळा

सिग्नल सुटल्यानंतर पहिल्या शंभर मीटरमध्ये जी शिवीगाळ होते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच समजूत असते: समोरच्याने हे मुद्दाम केलं. पुण्यात मी स्कूटरही चालवतो आणि कारही, आणि माझं ठाम मत आहे की मुद्दाम कट मारणारे थोडेच असतात. बाकीच्यांना समोरचा दिसलेलाच नसतो, किंवा त्याच्या गाडीला काय जमतं आणि काय नाही हे ठाऊक नसतं. याची किंमत मोजतो तो दुचाकीवाला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवर होती.

कारवाल्यांनो, उजवीकडे वळताना पुन्हा एकदा बघा

सगळ्यात वाईट चूक हीच. समोरून दुचाकी येत असते, "अजून लांब आहे" म्हणून कारवाला उजवीकडे वळतो आणि दुचाकी थेट दारावर आदळते. मग दोघंही ओरडतात: "दिसत नाही का?" खरोखरच नीट दिसलेलं नसतं. समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग आपला डोळा त्याचा आकार किती भराभर वाढतो यावरून जोखतो. दुचाकी अरुंद असल्याने ती असते त्यापेक्षा लांब आणि संथ वाटते. त्यात भर म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूचा खांब. त्याच्या आड अख्खी दुचाकी लपते, आणि दोघांच्या वेगाचा मेळ तसा बसला तर काही सेकंद लपलेलीच राहते.

उपाय सोपा आहे. वळण्यापूर्वी डोकं थोडं पुढे-मागे करून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघा. आणि स्वतःला विचारा: तिथे दुचाकीऐवजी ट्रक असता तर मी आत्ता वळलो असतो का? उत्तर नाही असेल तर थांबा.

दुचाकी दिसावी म्हणूनच एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत सुरूच राहतो. तरी आजही भर दुपारी लोक हाताची मूठ उघडझाप करून "लाइट चालू आहे" असं कळकळीने सांगतात. काही जण तर गॅरेजमध्ये जाऊन तो बंद करायचं बटण बसवून घेतात. कृपा करून ते काढून टाका.

दार उघडताना डावा हात

रस्त्याकडेला कार लावून चालक फटकन दार उघडतो आणि मागून येणारी स्कूटर त्यावर आपटते. उजवं दार डाव्या हाताने उघडायची सवय लावा. आपोआप खांदा वळतो आणि नजर मागे जाते. कॅबमधून डावीकडे उतरणाऱ्यांनीही आधी मागे बघावं, कारण आपल्याकडे फूटपाथ आणि कार यांच्यामधूनही दुचाकी येतात.

"हा असा नागमोडी का चालवतोय?"

कारवाल्याला जो खड्डा जाणवतही नाही, तो दुचाकीवाल्याला पाडू शकतो. सांडलेली खडी, गटाराचं झाकण, पावसात गुळगुळीत झालेले पांढरे पट्टे, रस्त्याच्या कामावर टाकलेल्या लोखंडी पट्ट्या, हे सगळं चुकवत तो जात असतो. त्याच्या मागे हॉर्न दाबून धरला तर तो दचकतो, आणि दचकलेला माणूस नेमका खड्ड्यात जातो. मागे अंतर राखा, ओलांडताना निदान दीड मीटर जागा सोडा, आणि तेवढी मिळेपर्यंत मागेच राहा.

आता दुचाकीवाल्यांनो

बहुतेक दुचाकींचा इंडिकेटर वळण झाल्यावर आपोआप बंद होत नाही, कारचा होतो. त्यामुळे कारवाला तुमच्या पिवळ्या दिव्यावर विश्वास ठेवतो. उजवा इंडिकेटर तसाच लुकलुकत ठेवून तुम्ही सरळ गेलात, तर तुम्ही उजवीकडे वळणार असं समजून तो डावीकडून पुढे काढायला बघणारच, आणि कट मारला म्हणून तुम्ही त्याच्यावर चिडणार. वळण झालं की अंगठ्याने बटण दाबायची सवय हवी.

गिअर उतरवून वेग कमी केला की ब्रेकलाइट लागत नाही. मागच्याला काहीच कळत नाही आणि तो एकदम अंगावर येतो. अशा वेळी ब्रेकला दोनदा हलका स्पर्श करा.

बसच्या डाव्या बाजूने घुसू नका. बस वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आतून कापत येतात. तुम्हाला बसच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

उतारावर अवजड वाहनासमोर तर कधीच आत शिरू नका. नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर काय होतं ते पुणेकरांनी वारंवार पाहिलंय. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एकाच अवजड वाहनाने तिथे कितीतरी गाड्या चिरडल्या. ट्रकच्या पुढे दिसणारी रिकामी जागा म्हणजे त्याला थांबायला लागणारं अंतर असतं. ते तुम्ही घेतलंत तर त्याच्याकडे काहीच उरत नाही.

राँग साइडबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. डावीकडे वळून मुख्य रस्त्यावर येणारा चालक उजवीकडे बघत असतो, आणि तुम्ही नेमके डावीकडून येता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे धोकादायक वाहन चालवणं धरलं जातं. पहिल्या गुन्ह्यालाच १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

भांडण सुरू झालंच तर

पाठलाग करू नका, आणि पुढे जाऊन गाडी आडवी घालू नका. काच वर, नजर समोर. समोरचा ऐकत नसेल तर ११२ ला फोन लावा.

धक्का लागला असेल तर आधी माणूस बघा. कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, कळवणं हे चालकाचं कर्तव्य आहे. गर्दी जमली की "मोठ्या गाडीवाल्यानेच भरायचं" असा निकाल जागेवरच लागतो. तो मान्य करण्याआधी दोन्ही वाहनांचे, नंबर प्लेटचे आणि रस्त्याचे फोटो काढा. कोणाला लागलं असेल तर रस्त्यावर मांडवली करूच नका. आतली इजा तासाभराने कळते आणि तोवर समोरचा निघून गेलेला असतो. मदतीला थांबणाऱ्यांनी पोलिसांच्या भीतीने मागे हटू नये, कलम १३४ अ त्यांना संरक्षण देतं. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. शिवाय २०२५ च्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. रुग्णालयात गेल्यावर या योजनेची विचारणा लगेच करा.